संत्र्याला फांदी नव्हे, डोळा का?

लोधीखेडा, सौसर, पांढुर्णा हा सगळा संत्र्याचा पट्टा. फांदी मातीत खोचून झाड मिळत असेल, तर दुसऱ्या रोपावर संत्र्याचा डोळा भरण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. महाळुंगाची फांदी सहज मुळे धरते, संत्र्याची मात्र क्वचितच. आणि धरली तरी ती मुळे संत्र्याचीच असतात, जमिनीला साजेशी निवडलेली नसतात. ज्या रोपावर डोळा भरतात, त्या खुंटामुळे ही निवड करता येते. खुंट म्हणून लावल्या जाणाऱ्या जंभेरीच्या एका बीतून बहुधा अनेक कोंब फुटतात आणि त्यांतले बरेचसे मातृझाडाचीच हुबेहूब नक्कल असतात; म्हणून रोपवाटिकेतले खुंट एकसारखे निघतात. डोळा जमिनीपासून वीतभर उंच भरला की संत्र्याची साल ओल्या मातीपासून दूर राहते आणि डिंक्या रोगाचा धोका घटतो.

बी पेरूनही बहुतांशी मूळ वाणाचीच झाडे मिळतात, हा आक्षेप खरा आहे. पण ती काटेरी होतात आणि फळाला फार उशीर लावतात. डोळ्यातून विषाणू येतो, हा दुसरा आक्षेप. तो फांदीलाही तितकाच लागू आहे. त्यावर उपाय पद्धत बदलण्याचा नाही, तर निरोगी मातृझाड निवडण्याचा. म्हणून रोप घेताना खुंट कोणता आणि डोळा कुठल्या झाडाचा, हे दोन प्रश्न भावाच्या आधी विचारावेत.