रिपोर्टवरचा एकच ‘आय’

आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘‘आता हाय अँटिबायोटिक लावलंय.’’ सांगणाऱ्याच्या आवाजात धीर असतो. एक औषध लागू पडलं नाही तर त्याच्या वरचं, तेही नाही तर आणखी वरचं, अशी शिडी त्याच्या डोळ्यांसमोर असते.

आत, फाइलला लावलेल्या कल्चरच्या रिपोर्टवर ही शिडी कुठे संपते ते दिसतं. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. ‘एस’ म्हणजे जंतू औषधाला दाद देतो, ‘आर’ म्हणजे देत नाही, ‘आय’ म्हणजे मधलं. सेफ्ट्रिॲक्सोन : आर. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम : आर. मेरोपेनेम : आर. तळाशी कोलिस्टिन, आणि त्यापुढे ‘आय’. भारतातल्या अनेक प्रयोगशाळा अमेरिकेतल्या सीएलएसआय या संस्थेचे निकष पाळतात. या संस्थेनं २०२० साली कोलिस्टिनपुरतं ‘एस’ हे अक्षरच काढून टाकलं. प्रयोगशाळेत जंतूची वाढ थांबली तरी रुग्णाच्या शरीरात या औषधाचा भरवसा देता येत नाही, हा त्याचा अर्थ.

कोलिस्टिन मुळात जुनं औषध. मातीतल्या जिवाणूपासून जपानमध्ये मिळालेलं, १९५०च्या दशकात वापरात आलेलं. पुढे नवनवी औषधं येत गेली. मूत्रपिंडांना अपाय करणारं कोलिस्टिन १९७०च्या दशकात बाजूला पडलं. ते परत काढावं लागलं ते दुसरं काही उरलं नाही म्हणून.

ही वेळ का आली? २००८ साली स्वीडनमध्ये, भारतात उपचार घेऊन आलेल्या एका रुग्णात क्लेब्सिएला हा जंतू सापडला. मेरोपेनेमच्या वर्गातली औषधं तोडणारं एक विकर त्याच्याकडे होतं. त्या विकराला ‘एनडीएम-१’ नाव मिळालं; त्यातल्या ‘न्यू दिल्ली’वरून आपल्याकडे मोठा वाद झाला. खरी काळजीची गोष्ट नावात नव्हती. या विकराचं जनुक डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं, आणि असं कडं एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो.

एनडीएमवर आज वापरला जाणारा एक महत्त्वाचा उपाय समजून घेण्यासारखा आहे. एनडीएमला ॲझ्ट्रिओनाम हे औषध तोडता येत नाही. पण त्याच जंतूकडे बहुधा इतरही विकरं असतात आणि ती ॲझ्ट्रिओनामचा फडशा पाडतात. मग सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम जोडीला देतात. त्यातलं ॲव्हिबॅक्टम त्या इतर विकरांना जखडतं आणि ॲझ्ट्रिओनामची वाट मोकळी होते. इटली-ग्रीसमधल्या १०२ रुग्णांच्या निरीक्षणात या उपचारानं तीस दिवसांतले मृत्यू सुमारे १९ टक्के होते, इतर औषधं घेणाऱ्यांत ४४ टक्के.

म्हणून जास्त औषधं म्हणजे जास्त गुण, असं मात्र नाही. २०१८च्या एका चाचणीत ४०६ गंभीर रुग्णांपैकी काहींना नुसतं कोलिस्टिन, तर काहींना कोलिस्टिन आणि मेरोपेनेम दिलं. बहुतेकांना ॲसिनेटोबॅक्टर या जंतूचा संसर्ग होता. जोडीनं काही जास्त साधलं नाही. औषध किती दिवस द्यायचं, याचंही तसंच. रक्तातल्या संसर्गाच्या ३,६०८ रुग्णांवरच्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सात दिवसांचा उपचार चौदा दिवसांपेक्षा कमी पडला नाही. त्यातले निम्म्याहून अधिक रुग्ण आयसीयूतले होते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे रुग्ण मात्र यात नव्हते.

डॉक्टरची खरी कसोटी वेळेशी असते. सेप्टिक शॉकमध्ये पहिला डोस तासाभरात जायला हवा. जंतूचं नाव आणि ती अक्षरं हाती यायला मात्र दोन-तीन दिवस लागतात. म्हणून सुरुवात अंदाजानंच होते, आणि ते योग्यच आहे. पण डोसाआधी दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घेऊन कल्चरच्या बाटल्या भरल्या, तरच तिसऱ्या दिवशी तो अंदाज तपासता येतो. रिपोर्ट आल्यावर व्यापक औषध थांबवून नेमकं औषध लावणं, हे मला या उपचारातलं सर्वांत धैर्याचं काम वाटतं. रुग्ण सावरत असताना चालू औषध काढायला हात धजत नाही.

बाकीचं काम हातांचं. ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरतो. पलंगाचा कठडा, व्हेंटिलेटरचं बटण, दोन रुग्णांमध्ये न धुतलेले हात : त्याचा प्रवास असा होतो. लघवीची नळी, गळ्याजवळची लाइन आजही हवीच आहे का, हे रोज सकाळी विचारणं हाही उपचारच.

आयसीयूबाहेरही काही पावलं पडली. भारतात २०१४पासून अनेक अँटिबायोटिक्सच्या विक्रीची नोंद दुकानदाराला ठेवावी लागते. २०१९ साली कोंबड्या आणि इतर खाद्यपशूंसाठी कोलिस्टिनवर बंदी आली. चेन्नईत शोधलेल्या एन्मेटाझोबॅक्टम या औषधाला २०२४ साली अमेरिकेत सेफेपिमसोबत मान्यता मिळाली. याचा अभिमान वाटतो. पण एनडीएमला तेही आवर घालत नाही.

म्हणून बाकड्यावर बसलेल्या माणसाच्या हाती ‘हाय’ या शब्दापेक्षा उपयोगी काही द्यावंसं वाटतं. डॉक्टर बाहेर आले की दोन प्रश्न विचारावेत : ‘‘डोसाआधी कल्चर पाठवलं होतं का? आणि रिपोर्ट आल्यावर यातलं काय कमी करता येईल?’’