जाळ्याबाहेरील संगणकावर आज्ञावलीची स्थापना

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत सर्वत्र इंटरनेट मिळतेच असे नाही. उलट काही प्रयोगशाळांतील संगणक सुरक्षिततेसाठी बुद्ध्याच जाळ्यापासून अलग ठेवलेले असतात. अशा लिनक्स संगणकावर नवी आज्ञावली बसविणे हे वरवर पाहता केवळ ने-आणीचे काम वाटते. वस्तुतः त्यात दोन प्रश्न अंतर्भूत आहेत : आणलेली सामग्री पुरेशी आहे काय, आणि ती अस्सल आहे काय.

विवेचनासाठी १९९३ साली आरंभ झालेल्या 'डेबियन' प्रणालीचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही तिच्यावरच आधारलेली आहे. येथे आज्ञावली 'पॅकेज'च्या रूपाने मिळते व एक पॅकेज इतर अनेकांवर अवलंबून असते. जाळ्यावरील संगणकात त्यांपैकी काही आधीच असल्यास तो ती पुन्हा उतरवून घेत नाही. त्यामुळे तेथून आणलेला संच इकडे अपुरा पडतो. यास्तव मागणीची यादी जाळ्याबाहेरील संगणकानेच केली पाहिजे. आपणापाशी काय नाही, हे त्यालाच ठाऊक असते. 'ॲप्ट-ऑफलाइन' हे साधन अशी यादी करून देते. ती पेनड्राइव्हवरून जाळ्यावरील कोणत्याही संगणकाकडे न्यावी आणि तिच्यानुसार पॅकेजे उतरवून परत आणावीत.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण पेनड्राइव्ह अनेकांच्या हातांतून जातो. डेबियनच्या भांडारातील मुख्य सूचीवर डिजिटल स्वाक्षरी असते. त्या सूचीत पॅकेजसूचीची आणि पॅकेजसूचीत प्रत्येक पॅकेजची अंकमुद्रा नोंदलेली असते; पॅकेजमध्ये किंचित फेरफार झाला तरी ती जुळत नाही. स्वाक्षरी पडताळण्याची किल्ली मूळ स्थापनेबरोबरच संगणकात आलेली असल्याने या तपासणीस इंटरनेट लागत नाही. नाशिक रोडच्या मुद्रणालयात छापलेल्या नोटेचा खरेपणा ती कोणी आणून दिली यावरून नव्हे, तर तिच्यावरील खुणांवरून ठरतो. तसाच हा प्रकार होय.

मात्र सुटी पॅकेजे 'डीपीकेजी' या आज्ञेने थेट बसविल्यास ही तपासणी होत नाही. सूचीशी ताडून पाहण्याचे कार्य 'ॲप्ट'चे आहे. म्हणून पॅकेजांसमवेत स्वाक्षरित सूचीही आणणे अवश्य ठरते. या साऱ्या साखळीचा आरंभ मूळ स्थापनेतील किल्लीपासून होतो. तेव्हा ती स्थापना ज्या माध्यमावरून केली, त्याची प्रथम खातरजमा करून घेणे इष्ट होय.