गवसणी

पावसाळा सरला आणि आश्विनातील स्वच्छ ऊन पडू लागले, म्हणजे आपल्याकडे पेट्या व कपाटे उघडून कपड्यांना ऊन दाखविण्याची रीत आहे. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात निरगुडसर नावाचे गाव आहे. तेथील एका घरात आईने आपल्या पहिल्या पगारातून चामड्याची हातपिशवी घेतली आहे, असे समजा. पिशवी खराब होऊ नये, म्हणून तिने ती प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून पेटीत ठेवली. चार महिन्यांनी पाहते तो काय! चामड्यावर पांढरी बुरशी पसरली होती आणि पितळी कडी हिरवट पडली होती. जपण्यासाठी केलेला उपायच नाशाला कारण झाला. असे का व्हावे बरे?

चामडे हवेतील ओलावा शोषून घेते. प्लॅस्टिकमधून हवा जात-येत नाही. त्यामुळे बांधताना आत राहिलेला ओलावा तेथेच कोंडून राहतो. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतातच. त्यांना ओल आणि ऊब मिळाली, की ते वाढू लागतात. सुती कापडाचे तसे नाही. त्याच्या धाग्यांमध्ये बारीक फटी असतात. त्यांतून हवा खेळते, पण बरीचशी धूळ बाहेरच अडते. शिवाय प्रकाशाने रंग विटत नाही व घासून ओरखडे पडत नाहीत.

हे मर्म आपल्या पूर्वजांनी अनुभवाने जाणले होते. तंबोऱ्यावर चढवितात ती गवसणी, उशीला घालतात तो अभ्रा आणि पोथी गुंडाळतात ते बासन, ही सारी एकाच कुळातील भावंडे होत. निरगुडसरच्या उत्तरेस असलेल्या जुन्नर येथील हातकागद एके काळी नावाजलेला होता. पेशवाईतील कितीतरी लिखाण अशा जुन्नरी कागदावर झाले. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद कापडात बांधून ठेवीत. त्या गाठोड्यांना ‘रुमाल’ असे म्हणतात. त्या कागदांतून निवड करून इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात 45 खंड प्रसिद्ध केले. कागद जपले गेले, म्हणूनच हे शक्य झाले. तुम्ही रोज शाळेत नेता ते ‘दप्तर’ आणि हे ‘दफ्तर’ मूळचे एकच शब्द आहेत, हेही ध्यानात ठेवा.

आता हातपिशवीची गवसणी कशी शिवावी, ते पाहू. त्यासाठी मांजरपाट उत्तम. रंगीत कापडाचा रंग पिशवीला लागण्याची भीती असते. कापड प्रथम धुऊन वाळवावे, म्हणजे त्यातील खळ निघून जाते व ते पुढे आटत नाही. खळीवर कसर येते, हे विसरू नये.

समजा, पिशवी 30 सेंटिमीटर रुंद, 24 सेंटिमीटर उंच आणि 10 सेंटिमीटर जाड आहे. रुंदी व जाडी मिळून 40 झाले. त्यांत सैलपणासाठी 4 आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीसाठी 3 मिळविले, म्हणजे 47 सेंटिमीटर रुंदी हवी. उंची व जाडी मिळून 34 होतात. सैलपणासाठी 4 व नेफ्यासाठी 4 धरून 42 झाले. कापड मधोमध दुमडावयाचे असल्याने लांबी त्याच्या दुप्पट, म्हणजे 84 सेंटिमीटर घ्यावी. बंद उभे राहत असतील, तर तेही उंचीत धरावेत.

कापडाची उलट बाजू बाहेर ठेवून ते लांबीत दुमडावे. घडी तळाशी येईल. दोन्ही बाजूंना कडेपासून दीड सेंटिमीटर आत प्रथम धावदोरा घालून, मग त्यावर उलटी टीप घालावी. मात्र वरची 8 सेंटिमीटर बाजू मोकळी सोडावी. त्या मोकळ्या कडा आत दुमडून हेम घालावे. नंतर वरची कड 4 सेंटिमीटर आत वळवून नेफा शिवावा. गवसणी सुलट करून सव्वा मीटर नाडी ओवली, की काम पुरे झाले.

पिशवी आत ठेवण्यापूर्वी कोरड्या फडक्याने पुसावी. तिचा आकार बिघडू नये, म्हणून आत कोरा कागद चुरगळून भरावा. छापील कागदाची शाई लागते. कीड लागू नये म्हणून धान्यात निरगुडीचा पाला घालण्याची जुनी चाल आहे. पण ओला पाला गवसणीत कधीही घालू नये, कारण त्यासोबत ओलही आत जाते. दर महिन्यास पिशवी बाहेर काढून सावलीत वारा द्यावा.

त्या घरातील मुलांनी अशीच एक गवसणी शिवून आईच्या हाती दिली. पिशवीवरील डाग पुरते गेले नाहीत. परंतु पुढच्या पावसाळ्यात नवा डाग पडला नाही. मोठ्या आकांक्षेला आपण ‘आकाशाला गवसणी घालणे’ असे म्हणतो. आकाशाचे पुढे पाहता येईल; कष्टाने मिळविलेल्या एका वस्तूला नीट गवसणी घालता आली, तरी तो आरंभ काही लहान नव्हे.