जड लाकडाची लेखणी

एका पेनाला लाकूड लागते ते बोटभर. दोन सेंटिमीटर जाडीचा, तेरा सेंटिमीटर लांबीचा चौकोनी तुकडा, म्हणजे जेमतेम पन्नास ग्रॅम वजन. त्यातलेही निम्म्याहून अधिक भुसा होऊन लेथखाली पडते. एवढ्याशा तुकड्यासाठी जगभरचे पेन कातणारे कारागीर टांझानियातून, सुरिनाममधून, मध्य अमेरिकेतून लाकूड मागवतात. धाराशिव जिल्हा वनक्षेत्राच्या हिशेबात राज्याच्या तळाशी आहे. मोठे लाकूडकाम इथे जंगलावर उभे राहू शकत नाही. पण ज्या कलेला पन्नास ग्रॅम लाकूड पुरते, तिला जंगल नसणे आड येत नाही. तिला हवे ते बांधाबांधावर उभे आहे, मोडक्या गाडीत पडून आहे आणि जुन्या वाड्याच्या उंबऱ्यात आहे.

बोरूपासून लेथपर्यंत

मोडीचे दफ्तर बोरूने लिहिले गेले. पुढे टाक आला, दौत आली. शाई पोटात बाळगणारा पेन व्यवहारात स्थिरावला तो 1884 मध्ये अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी पेटंट घेतल्यानंतर. त्या काळचे पेन इबोनाइटचे असत. रबरात भरपूर गंधक मिसळून ते तापवले की काळे, टणक, झिलई धरणारे द्रव्य तयार होते. आबनुसाच्या लाकडाला पर्याय म्हणूनच ते पुढे आले आणि लाकडासारखेच लेथवर कातले जाऊ लागले.

भारतात हाताने पेन कातण्याची परंपरा स्वदेशीच्या चळवळीने घडवली. आंध्रातल्या राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी 1930च्या दशकात इबोनाइटचे पेन बनवायला घेतले. वर्ध्याच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत त्यातला एक गांधीजींपर्यंत पोहोचला. विदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे, अशी पोच गांधीजींनी 1935 मध्ये वर्ध्याहून पाठवली. तमिळनाडूत तिरुवल्लूरच्या रंगा पेन्सने हीच रीत पुढे नेली. पुण्यात फॉस्फर पेन्सचे काम अलीकडचे असून तिथे ॲक्रिलिकबरोबर लाकूडही कातले जाते. शिवाय निब किंवा रिफिल, क्लिप आणि पितळी नळी यांचे तयार संच आता घरपोच मिळतात. त्यामुळे छोटा लेथ असलेला कोणीही या कामाला हात घालू शकतो.

जगातील वजनदार लाकडे

लाकडाचा कस पाहण्याची सोपी कसोटी म्हणजे घनता. चांगल्या सुकलेल्या सागाचे घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो वजन भरते. पाण्याचे वजन हजार किलो, म्हणून साग तरंगतो. आफ्रिकी ब्लॅकवुडचे वजन सुमारे 1,270 किलो. ते पाण्यात बुडते आणि क्लॅरिनेट व ओबो ही वाद्ये त्याचीच करतात. कॅरिबियन प्रदेशातील लिग्नम व्हिटी जवळजवळ तेवढेच जड असते. त्यात राळ इतकी, की जहाजाच्या पंख्याच्या दांड्याला बेअरिंग म्हणून ते वापरले गेले. वेगळे वंगण त्याला लागत नसे. दक्षिण अमेरिकेतील स्नेकवुडवर सापाच्या कातडीसारखी नक्षी असते. मध्य अमेरिकेतील कोकोबोलो नारिंगी, तांबडे आणि काळे पट्टे घेऊन येते.

पेनासाठी जड लाकूड का हवे, याचे उत्तर त्याच्या छिद्रांत आहे. लाकूड जितके घट्ट तितकी छिद्रे बारीक, आणि छिद्रे बारीक तितकी झिलई खोल. कातल्यावर पितळी नळीभोवती लाकडाची जाडी दोन-तीन मिलिमीटरच उरते. कडेला तर ती एक मिलिमीटरच्या आत येते. एवढ्या पातळ भिंतीत हलके लाकूड चिरते किंवा दबते. घट्ट लाकूड धार धरते आणि वर्षानुवर्षे बोटांचा घाम सोसते.

मात्र या सौंदर्याची किंमत झाडांनी मोजली आहे. शिसवाच्या कुळातील सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जानेवारी 2017 पासून ‘साइट्स’ या धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारविषयक करारानुसार परवान्याचे बंधन आले. आफ्रिकी ब्लॅकवुड आणि कोकोबोलो ही त्याच कुळातली झाडे. ब्राझीलच्या शिसवाचा व्यापार तर 1992 पासूनच जवळजवळ बंद आहे. लाकूड कुठून आले हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर ते कितीही देखणे असले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेथवरचे काम

पेन कातण्यातले खरे कौशल्य लेथ सुरू होण्याआधी लागते. लाकूड नीट सुकलेले हवे. ओल्या ओंडक्याचे तुकडे पाडल्यावर दोन्ही टोकांना मेण लावतात, कारण ओलावा टोकांतून लवकर निघतो आणि तिथूनच चिरा पडतात. तुकडा दर आठवड्याला वजन करून पाहावा. वजन कमी व्हायचे थांबले की समजावे, लाकूड तयार झाले.

मग तुकडा नळीच्या मापाला दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवून कापतात आणि मधोमध भोक पाडतात. नेहमीच्या सडपातळ पेनाला सात मिलिमीटरचे भोक लागते. जड लाकडात सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. ड्रिल एका दमात आत रेटले तर भुसा अडकतो, पाते तापते आणि आतून चीर जाते. म्हणून थोडे आत जायचे, ड्रिल बाहेर काढायचे, भुसा झाडायचा, पुन्हा जायचे. ही सबुरी या कामाचा पाया आहे.

पितळी नळी पॉलिशपेपरने खरबरीत करून इपॉक्सीने किंवा झटपट डिंकाने बसवतात. शिसवाच्या कुळातील लाकडे तेलकट असल्याने डिंक त्यांना धरत नाही. भोक आधी ॲसिटोनने पुसले तरच नळी टिकते. टोके नळीशी काटकोनात सपाट केली की तुकडा सळईवर चढतो. दोन्ही बाजूंना लागणारे बुश पेनाच्या धातूच्या भागांच्या मापाचे असतात. लाकूड तिथवर उतरले की थांबायचे.

लेथ मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेतो. गोल पटाशीने कोपरे उडवतात आणि तिरप्या धारेच्या पटाशीने अंगाला आकार देतात. जड लाकूड बोथट हत्याराला दाद देत नाही. धार असेल तर लांब, सलग पापुद्रा निघतो. नसेल तर पांढरट भुसा उडतो आणि अंगावर ओरखडे राहतात. एका पेनात दोन-तीनदा धार लावावी लागली तर तो वेळ वाया गेला असे समजू नये. नाकातोंडाला मास्क मात्र हवाच. कोकोबोलोचा भुसा अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला बाधतो.

झिलई

पॉलिशपेपर दीडशे नंबरापासून सुरू होतो आणि चढत चढत सहाशेपर्यंत जातो. प्रत्येक नंबरानंतर लेथ थांबवून लांबीच्या दिशेने हात फिरवायचा, म्हणजे गोल ओरखडे मोडतात. त्यापुढचे बारीक कापडी पेपर बारा हजार नंबरापर्यंत मिळतात. अस्सल जड लाकूड इथपर्यंत आले की काहीही न लावता चमकू लागते.

त्यावर काय लावायचे, यात दोन पंथ आहेत. एक पंथ झटपट डिंकाचे पातळ थर एकावर एक चढवतो. त्याने काचेसारखे कवच तयार होते, घामापाण्याचा त्रास उरत नाही, पण बोटाला लाकूड लागत नाही. दुसरा पंथ चपडी आणि मेणाचा. लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून फिरत्या लाकडावर कापडाने घासली की घर्षणाच्या उष्णतेने ती अंगात मुरते. कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखेची खेळणी याच उष्णतेवर रंगतात. चपडीची चमक रोजच्या वापराने उतरते आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा हात फिरवावा लागतो. तरीही जड लाकडावर मला तीच योग्य वाटते. लाकडाचे वजन आणि स्पर्श यांसाठी एवढा खटाटोप केला, तर तो स्पर्श झाकून कशाला ठेवायचा?

धाराशिवच्या मातीतले लाकूड

आता आपल्या बांधावर या. बाभळीचा गाभा तांबूस तपकिरी, वयाप्रमाणे गडद होत जाणारा. वजन घनमीटरला आठशे किलोंच्या वर, म्हणजे शिसवाच्या बरोबरीचे. गाडीच्या चाकाचा तुंबा, कुळव, तिफणीचे चाडे यांसाठी आपल्या सुतारांनी बाभूळ निवडली ती तिच्या चिवटपणामुळे. चिंचेच्या जुन्या झाडाचा गाभा लहान, पण जांभळट काळा आणि अत्यंत कठीण. त्याचे रेशे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तो कातायला अवघड आणि झिलईला सुंदर. मुसळाच्या खैराचा गाभा गडद तांबडा आणि जवळपास पाण्याएवढा जड. अंजन तर भारतातील सर्वांत जड लाकडांपैकी एक. विडीच्या पानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या टेंभुर्णीच्या जुन्या खोडात काळा आबनूस दडलेला असतो. बोरीचे लाकूड तांबूस आणि घट्ट आहेच, शिवाय लाखेचा किडा बोरीवर आणि पळसावरही पोसला जातो.

पेनासाठी झाड तोडण्याची गरज नाही आणि सरसकट मुभाही नाही. चिंच, खैर, अंजन यांच्या तोडीला 1964च्या राज्य कायद्याने परवानगी लागते. वादळाने पडलेली फांदी आणि मोडीत निघालेली गाडी एवढे पुरते. दहा सेंटिमीटर चौरस आणि मीटरभर लांब तुळईतून करवतीची घट धरूनही शंभरावर पेनांचे तुकडे निघतात. जुन्या लाकडाचा आणखी एक गुण म्हणजे ते पन्नास-साठ उन्हाळे इथेच सुकलेले असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या पुढे जातो आणि पावसाळ्यात हवा दमट होते. लाकूड आकसते, पितळ मात्र आकसत नाही, आणि परदेशी आबनुसाचा पेन पहिल्याच उन्हाळ्यात कडेला तडकू शकतो. या हवेत मुरलेल्या बाभळीला त्या उन्हाची सवय असते.

घट्ट द्रव्यातून लहान, नाजूक वस्तू घडवण्याची या भूमीची ओळखही जुनी आहे. जिल्ह्यातील तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरवृत्तांतात उल्लेखलेले तगर. तिथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पोम्पेई येथे सापडलेल्या मूर्तीशी नाते सांगते. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही पाहायला मिळते. फिरत्या चाकावर आयुष्य काढणारे संत गोरोबाकाका याच तेरचे.

काय करता येईल

बैलगाडी गेली, लाकडी अवजारे गेली आणि सुताराच्या हाताला काम देणाऱ्या वस्तू संपल्या. राहिली ती धार लावण्याची, लाकूड ओळखण्याची विद्या. टेबलावर मावणारा लेथ, पटाशांचा संच आणि एक ड्रिल एवढ्या सामानावर ही विद्या पुन्हा उपयोगी येते. आयटीआयमध्ये लेथ शिकवतातच. त्याला लाकूड कातण्याचा छोटा अभ्यासक्रम जोडणे अवघड नाही. प्रत्येक पेनाबरोबर ते लाकूड कोणत्या गावच्या कोणत्या वस्तूतून आले याची चिठ्ठी दिली, तर दूरदेशीच्या लाकडाकडे नसलेली गोष्ट आपल्या पेनाकडे असेल.

जानेवारी 2020 मध्ये 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या धाराशिव शहरात भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते आणि ना. धों. महानोरांच्या हस्ते उद्घाटन झाले. जिल्ह्यातील शाळा, ग्रंथालये आणि साहित्यसंस्था आजही वर्षभर पाहुण्यांचे सत्कार करतात. त्या सत्कारात शाल-श्रीफळाच्या जोडीला धाराशिवच्या बाभळीचा, इथल्या सुताराने कातलेला पेन द्यायचा, एवढे या संस्थांनी ठरवले तरी पहिल्या दहा-वीस कारागिरांना हक्काचे गिऱ्हाईक मिळेल. हा निर्णय घ्यायला कुठल्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.