कण्हेर दारात हवी, गोठ्याजवळ नको

कमी पाण्यावर दारापुढे काय लावावे, असे सभासद बंधू विचारतात. आम्ही कण्हेर सांगतो; बारमाही हिरवी. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर फांद्या लावाव्यात. पहिला उन्हाळा पाणी द्यावे, पुढे तिचे ती बघते. पाणी साचू देऊ नये. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरताच छाटावे. शेंड्यावरचा पिवळा मावा पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा.

खरा घोर छाटणीचा! पान, फांदी, फूल सगळे विषारी, वाळले तरी. एरवी तोंड न लावणारा बैल वाढ्यांत मिसळलेली वाळकी पाने खातो अन् मूठभर पानांनी दगावतो. पिवळी बिट्टीही तसलीच. पाला खड्ड्यात पुरावा, चुलीत घालू नये. खाल्ल्याचा संशय येताच बैल जुंपू नये, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे.