ही जोड कुणी लावली?

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवारची सकाळ. निपाणीला मामाच्या घरी आम्ही चौघंजण एका मोबाईलवर वाकून बसलो होतो. टेक्सासमध्ये माईक टायसन आणि यूट्यूबर जेक पॉल यांची बॉक्सिंगची लढत चालली होती. टायसन ५८ वर्षांचा, पॉल २७ चा. मामा थोडा वेळ बघून म्हणाला, "ही जोड कुणी लावली गं?"

प्रश्न अगदी आपल्या मातीतला. जत्रेच्या मैदानात दुपारी पोरं लंगोट लावून हौद्याभोवती फिरतात. जाणती माणसं उंची, वजन, अंगकाठी बघून दोघांचे हात मिळवतात. जोड तोलाची नसली की बघणारेच ओरडा करतात. सेलिब्रिटी बॉक्सिंगमध्ये मात्र जोड नावावरून लागते. मग त्या नावांना झेपतील असे नियम करावे लागतात. या लढतीत तीनऐवजी दोन मिनिटांच्या आठच फेऱ्या होत्या, आणि हातात दहाऐवजी चौदा औंसांचे जाड ग्लोव्ह्ज. तरी टायसनचे सगळे मिळून १८च ठोसे लागले. पॉल गुणांवर जिंकला. याला नुरा कुस्ती म्हणणार नाही मी, तसा पुरावा नाही. पण ही लढत अधिकृत व्यावसायिक लढत म्हणून दोघांच्या खात्यावर जमा झाली, ते मला खटकतं.

आता दुसरी बाजू. त्याच रिंगणात आधी केटी टेलर आणि अमांडा सेरानो भिडल्या. दोघी जगज्जेत्या, दहा फेऱ्या, सेरानोच्या भुवईतून रक्त, आणि तिन्ही परीक्षकांच्या कागदावर टेलर फक्त एका गुणानं पुढे. जोड म्हणावी तर ही! नेटफ्लिक्सच्या दाव्यानुसार टायसनची लढत सहा कोटी घरांत पाहिली गेली, या दोघींची जवळपास पाच कोटी. टायसनसाठी जमलेल्या गर्दीमुळेच हे घडलं, हे मान्य करायलाच हवं.

आणि आपला नीरज गोयत? हरियाणाचा हा व्यावसायिक बॉक्सर त्याच दिवशी तिथं खेळला आणि जिंकलासुद्धा. एवढं मोठं व्यासपीठ त्याला मिळालं, पण समोर होता ब्राझीलचा विनोदवीर विंडरसन नुनेस.

माझा मामेभाऊ बेळगावात बॉक्सिंगच्या सरावाला जातो. गोयतचा हात पंचानं वर केला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. तो मात्र गप्पच होता. मग म्हणाला, "म्हंजे मला तिथं जायचं तर आधी कॉमेडियन शोधाय पाहिजे?"

मामा हसला. तो नाही हसला.