अडगळीतून उभा राहिलेला इतिहास

इसवी सन १८९७ मधील गोष्ट. अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील डॉइलस्टाउन गावचे हेन्री चॅपमन मर्सर हे गृहस्थ जुन्या पद्धतीच्या भिंतीतील चुलीसाठी लोखंडी चिमटा शोधत होते. त्या शोधात ते एका माणसाच्या आवारात गेले. खेड्यापाड्यांतील घरगुती लिलावांत ज्या वस्तूंवर कोणी बोली लावत नसे, त्या हा माणूस कवडीमोलाने उचलून आणीत असे. तेथे मोडक्या गाड्या, चरखे, मिठाच्या पेट्या, जवसाचे तंतू सोडविण्याची लाकडी साधने, दोरखंड वळण्याची यंत्रे आणि शेतातील माणसांना जेवणासाठी हाक देणारी पत्र्याची शिंगे यांचा ढीग पडला होता. चिमटा शोधायला गेलेले मर्सर त्या ढिगापुढे थबकले.

मर्सर हे हार्वर्डचे पदवीधर. कायद्याचेही शिक्षण घेतले, परंतु वकिली केली नाही. त्यांचे मन रमले ते पुरातत्त्वात. हजारो वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे जमिनीतून शोधून काढणे हे त्यांचे काम होते. त्या ढिगापुढे उभे असताना त्यांच्या मनात एक साधा विचार आला. हजारो वर्षांपूर्वीच्या अनोळखी माणसाची कुऱ्हाड आपण जपून काचेच्या कपाटात ठेवतो, आणि आपल्याच आजोबांच्या हातची कुऱ्हाड मात्र भंगारात देतो. ती कशी वापरायची हे सांगणारी माणसे अजून हयात आहेत. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी तीही नसतील.

त्या दिवसापासून मर्सर यांनी परिसर पिंजून काढला. कारखान्यांत तयार होणाऱ्या मालामुळे हातकारागिरी झपाट्याने मागे पडत होती आणि घरोघरी जुनी अवजारे माळ्यावर जात होती. मर्सर ती विकत घेत, मागून आणीत. एवढेच नव्हे, तर वृद्ध कारागिरांना विचारून प्रत्येक वस्तूचे नाव आणि उपयोग समजून घेत. त्याच वर्षी त्यांनी या संग्रहाची वर्णनात्मक सूचीही प्रसिद्ध केली. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर घसारा वजा जाता ज्यांची किंमत शून्य झाली होती, अशाच मालमत्तेची त्यांनी नवी नोंदवही उघडली होती.

संस्थेचा आधार

हे काम एकट्या माणसाचा छंद म्हणून संपले नाही, याचे श्रेय एका स्थानिक संस्थेला द्यावे लागते. अमेरिकेत काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग, बहुधा आकाराने लहान. विल्यम पेन यांनी १६८२ मध्ये स्थापन केलेल्या मूळ तीन काउंट्यांपैकी बक्स ही एक; डॉइलस्टाउन हे तिचे मुख्य ठिकाण. गावोगावचा इतिहास गावकऱ्यांनीच जपावा ही परंपरा त्या देशात जुनी आहे. मॅसॅच्युसेट्सची इतिहास संस्था १७९१ मध्ये स्थापन झाली, तर त्याच राज्यातील एसेक्स काउंटीची संस्था १८२१ मध्ये. १८७६ मध्ये स्वातंत्र्याची शताब्दी साजरी होत असताना गावांनी व काउंट्यांनी आपापला इतिहास लिहून काढावा, असे आवाहन अमेरिकी काँग्रेसनेही केले होते. बक्स काउंटीचा विस्तृत इतिहास जनरल डेव्हिस यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला आणि पुढे १८८० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने बक्स काउंटी इतिहास संस्था उभी राहिली.

अशा संस्थांचा कारभार साधा असतो. सभासदांची वर्गणी, देणगीदारांची मदत आणि सेवानिवृत्त स्वयंसेवकांचा वेळ हे त्यांचे भांडवल. जुनी वर्तमानपत्रे, मृत्युपत्रे, करवसुलीच्या याद्या, दफनभूमीतील शिलालेखांच्या नकला हे त्यांचे धन. पणजोबांचे नाव शोधत येणाऱ्या माणसाला त्याच्या घराण्याचा धागा पुष्कळदा अशाच एखाद्या लहानशा वाचनालयात सापडतो.

आगीला न जुमानणारी वास्तू

मर्सर यांचा संग्रह वाढत गेला, तशी जागेची चिंता वाढली. त्याहून मोठी चिंता आगीची होती. १८७२ च्या बोस्टनच्या प्रचंड अग्निकांडात त्यांच्या मावशीचा जुन्या चिलखतांचा संग्रह भस्मसात झाला होता, आणि तो आघात मर्सर विसरले नव्हते, असे सांगतात. म्हणून १९१३ ते १९१६ या काळात त्यांनी सळया घातलेल्या काँक्रीटचे उंच संग्रहालय स्वतःच्या आराखड्यानुसार बांधले. हाताशी मोजके मजूर आणि ओझी ओढायला लूसी नावाची घोडी, एवढ्या बळावर हे काम झाले. नंतर वास्तू आणि संग्रह दोन्ही त्यांनी इतिहास संस्थेच्या हवाली केले. याच संस्थेचे ते अध्यक्ष होते आणि १९३० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले.

आत शिरताच मान आपोआप वर जाते. मधल्या उंच चौकात देवमाशांच्या शिकारीची होडी, मालवाहू घोडागाडी, बर्फावरच्या घसरगाड्या अधांतरी टांगलेल्या दिसतात. चौकाभोवती मजल्यामजल्यांवर लहान दालने आहेत. एक घड्याळजीचे, एक टोपी करणाऱ्याचे, एक पत्र्याची भांडी घडविणाऱ्याचे, एक शिंगांपासून फण्या करणाऱ्याचे. राजाची तलवार नाही, राणीचा हार नाही. सर्वत्र दिसतात ती कष्टकरी हातांची साधने. कित्येकांच्या लाकडी मुठी मालकाच्या तळव्याने गुळगुळीत झालेल्या.

जे जमेला आले नाही

तरीही कोणताही संग्रह परिपूर्ण नसतो. येथील बहुतेक अवजारे युरोपातून आलेल्या वसाहतकारांची आहेत. त्यांच्याआधी या भूमीवर लेनापे लोक राहत होते. १७३७ मध्ये, दीड दिवसात माणूस जितका चालेल तितकी जमीन, अशा कराराच्या आधारे पेन यांच्या वारसांनी खास नेमलेल्या वेगवान माणसांना आधीच तयार केलेल्या वाटेने धावविले आणि लेनापेंची अफाट भूमी ताब्यात घेतली. ती धाव याच बक्स काउंटीतील राइट्सटाउनहून सुरू झाली होती. स्थानिक इतिहास जपणाऱ्यांनी आपल्या पूर्वजांचे कर्तृत्व जितक्या अभिमानाने नोंदवावे, तितक्याच प्रामाणिकपणे असे व्यवहारही नोंदवावेत. खर्चाची बाजू लपविलेला ताळेबंद खरा नसतो. इतिहासाचेही तसेच आहे.

दान स्वीकारणे हीसुद्धा जबाबदारी असते. वस्तू मिळाली की तिची नोंद, कीड आणि ओल यांपासून रक्षण, विमा, जागा असा कायमचा खर्च मागे लागतो. म्हणून जाणत्या संस्था आता दानपत्र लिहून घेतात आणि आधीच पुष्कळ असलेली वस्तू नम्रपणे नाकारतात. देणाऱ्याला वाईट वाटते. परंतु सांभाळता येणार नाही ते घेणे हा त्या वस्तूवरच अन्याय होय.

न्यू जर्सी किंवा फिलाडेल्फियाच्या परिसरात मुलांकडे जाणाऱ्या वाचकांना डॉइलस्टाउन फारसे दूर नाही. एक दिवस त्यासाठी अवश्य काढावा. नातवंडांना बरोबर न्यावे आणि एखाद्या अवजारापुढे उभे राहून ते कशाचे असेल हे त्यांनाच ओळखायला सांगावे.

ज्यांना तेथे जाणे शक्य नाही, त्यांनाही मर्सर यांची रीत आपल्या घरी आचरता येईल. घर बदलताना, वाडा पाडताना माळ्यावरचे पितळी माप, जाते, दुकानाच्या जुन्या खतावण्या किंवा आजीची फणेरपेटी खाली येते. सर्वच ठेवणे कोणालाही शक्य नसते. मात्र भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी घरातील सर्वांत वडील माणसाजवळ पाच मिनिटे बसावे. वस्तूला घरात काय म्हणत, ती कोण वापरीत असे, कशासाठी आणि केव्हापर्यंत, एवढे एका चिठ्ठीवर लिहून घ्यावे. वस्तू गेली तरी चिठ्ठी राहील. आणि वस्तू राहिली, तर त्या चिठ्ठीमुळे पन्नास वर्षांनंतरही तिचे नाव आणि उपयोग कोणाला तरी कळेल.